एकतिसावा हात

फाल्गुन सरत आला होता आणि कुंडलिकच्या राबावर अजून शेणाचा थर पडायचा होता. गुंजवणीच्या काठच्या त्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं, तर आधी जमीन भाजून घ्यावी लागते. खाली वाळलेलं शेण, त्यावर ऐनाच्या झाडाचा टहाळ, त्यावर पालापाचोळा, आणि सगळ्यावर माती. मार्गासनीतल्या निम्म्या लोकांचे राब रचून झाले होते. कुंडलिकचा मागे पडला होता, कारण तो थंडीभर गावोगाव लेकरांना देवी टोचत फिरला होता.

"शेण फोड बारीक," त्याची आई बाळाबाई बांधावरून म्हणाली. "ढेकळं राहिली तर मदी कच्चं राहतं. दवाखान्याचं काम न्हाई हे, चार टोचे दिलं आन् निघालं."

कुंडलिक हसला आणि लाकडानं शेणाची गोवरी फोडू लागला. त्याची बायको सगुणा डोईवर टहाळाचा भारा घेऊन उतारावरून येत होती. चार वर्षांची पोर तिचा पदर धरून मागं होती. सगुणानं भारा टाकला, मान दोन्ही बाजूंना वळवली आणि म्हणाली, "अवो, खाली शिपाई आलाय. हातात कागद हाय."

कागदात होतं ते थोडकं होतं. सन १९३६च्या हंगामात टोचणीची जी बुकं भरून आली, त्यांची तपासणी होणार होती. घाटापलीकडच्या एका टोचणाऱ्यानं म्हणे वडाखाली बसून पन्नास नावं आपल्या मनानंच भरली होती, आणि पुढं त्याच गावात देवी आल्या. म्हणून आता तपासनीस येऊन बुकातल्या नावापुढचा प्रत्येक हात बघणार होता. ज्याच्या बुकात एक जरी नाव खोटं निघालं, तो घरी. ज्याचं बुक बरोबर निघेल, त्याची जागा कायम.

कुंडलिकनं कागद दोनदा वाचला. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. एकही नाव त्यानं हात न बघता लिहिलं नव्हतं. टोचल्यावर आठव्या दिवशी परत जाऊन फोड उठला का ते बघितल्याशिवाय त्यानं 'उठली' असा शेरा मारला नव्हता.

"कायम म्हंजी आता हालवीत न्हाईत न्हवं?" बाळाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मग येऊ दे की त्याला."

तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळी आले. लियाकतसाहेब भोरचे, पन्नाशीचे, अंगानं किरकोळ. कापूरहोळपासून सायकल दामटत आले होते आणि पायात बूट असूनही धुळीनं घोट्यापर्यंत लाल झाले होते. त्यांनी पाणी प्यायलं, रुमालानं मिशी पुसली आणि लगेच चावडीच्या ओट्यावर बसले. एका मांडीवर टोचणीचं बुक, दुसऱ्या मांडीवर पाटलाचं जन्ममृत्यूचं बुक. मध्ये शिसपेन्सिल.

"कुंडलिकराव, तुम्ही नाव वाचू नका," ते म्हणाले. "मी वाचतो. तुम्ही नुसतं उभं राहा."

मार्गासनीत चोपन्न नावं होती. साहेबांनी एकेक लेकरू पुढं घेतलं, डावा दंड उजेडाकडे वळवला आणि अंगठ्यानं वण चाचपले. दोन पोरं मामाच्या गावाला गेली होती, त्यांच्या गावांची नावं लिहून घेतली. एक मेलं होतं, ते पाटलाच्या बुकात सापडलं. दुपारपर्यंत चोपन्नचा हिशेब लागला.

शेवटच्या पोरीचा हात सोडताना साहेब म्हणाले, "एक विचारतो. तुमच्या हत्याराचा एक दात तुटलाय का?"

कुंडलिकनं पेटीतून टोचायचं हत्यार काढलं. बोटभर दांडी, टोकाला गोल चकती आणि चकतीच्या कडेला बारीक दात. दंडावर दाबून जरासं फिरवलं की गोल ओरखडा उठायचा आणि त्यावर लस चोळायची. सुरुवातीलाच, कार्तिकात, एक दात मोडला होता. त्यानं नवं मागितलं होतं, ते आलं नव्हतं.

"म्हणून सगळे वण फुटक्या बांगडीसारखे," साहेब म्हणाले. "एका बाजूला उघडे. बघितले ते सगळेच्या सगळे तसेच आहेत. मला कुठंही ओळखता येतील." मग पहिल्यांदाच ते हसले. "काम स्वच्छ आहे तुमचं."

त्या संध्याकाळी कुंडलिकनं शेणापासून मातीपर्यंत सगळा राब एकट्यानं रचला आणि त्याला कंबर दुखल्याचं जाणवलं नाही.

*

उंबरमाळ मार्गासनीपासून तासाभराच्या चढावर. वीस-बावीस घरं, सगळी उतारावर एकाखाली एक. तिथं एकतीस नावं होती. पाटील रखमाजीनं अंगणात घोंगडी अंथरली होती आणि बायका लेकरं कडेवर घेऊन कुडाच्या सावलीत बसल्या होत्या. राब भाजायचे दिवस, त्यामुळे सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास होता.

साहेब नाव वाचत गेले, हात येत गेले. फुटकी बांगडी, फुटकी बांगडी. कुंडलिक मनातल्या मनात मोजत होता. सव्वीस. सत्तावीस. एक पोरगं रडून रडून निळं झालं, त्याच्या आज्जीनं साहेबांनाच दोन शब्द ऐकवले. अठ्ठावीस.

"कोंडिबा चिमाजी. वय दीड. उठली, चार."

कुणी उठलं नाही.

"चिमाजी कोण?"

एक उंच, वाकलेला माणूस कुडापासून पुढं आला. डोक्याचे केस नुकते वाढत होते. कुंडलिकनं त्याला ओळखलं. ह्याची बायको साळूबाई. तिनंच पोरगं मांडीवर धरलं होतं.

"तुझा मुलगा कुठाय?"

"मला मुलगा न्हाई, सायेब," चिमाजी म्हणाला. "पोरगी हाय येक. ती बगितली तुमी मगाशी."

साहेबांनी बुकावर बोट ठेवलं. "इथं कोंडिबा लिहिलंय."

"मला लिवता येत न्हाई."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कुंडलिक पुढं झाला. "चिमाजीबाबा, असं काय करता? साळूबाईनं मांडीवर घेतलं हुतं. ह्या दाराम्होरं. माझ्या अंगठ्याला चावलं ते पोरगं. आठव्या दिवशी मी परत आलो, तवा बी तिनंच हात दावला. साळूबाईला बोलवा."

"साळू पुसात गेली," चिमाजी म्हणाला.

गावातल्या बायका जमिनीकडे बघत होत्या. साहेबांनी पाटलाचं बुक उघडलं. साळूबाईचा मृत्यू पौषात लिहिला होता, तापानं. चिमाजीच्या घरी जन्म एकच, मुलगी, सहा वर्षांपूर्वी. दोन वर्षं मागं, तीन वर्षं मागं साहेबांनी पानं उलटली. मुलगा नव्हता. मेल्याचीही नोंद नव्हती.

"पाटील, असं पोर होतं गावात?"

रखमाजीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा डोक्याला घातलं. "बुकात न्हाई म्हंता न्हवं?"

"मी तुम्हाला विचारतोय."

"बुकात न्हाई तर न्हाई, सायेब."

उरलेले दोन हात आले. एकतीस नावं, तीस हात. साहेब उठले आणि चिमाजीच्या घरात वाकून गेले. कुंडलिक मागोमाग. आत एक चूल, एक कणगी, पोरीचा फाटका परकर वाळत टाकलेला. लेकराची झोळी नव्हती की खुळखुळा नव्हता. साहेबांनी कणगीमागंही डोकावून बघितलं आणि ह्याची कुंडलिकला लाज वाटली, जणू ते त्याच्याच घरात डोकावत होते.

बाहेर आल्यावर त्याची नजर कुडाच्या टोकाला बसलेल्या एका बाईवर गेली. ती एकटीच होती. तिच्याजवळ लेकरू नव्हतं आणि तिच्या घरचं नाव साहेबांच्या यादीत आलंच नव्हतं. गेनूची बायको रतनबाई. गेनू मुंबईला गोदीत होता. तिची तीन लेकरं पाठोपाठ गेलेली, हे कुंडलिकला ठाऊक होतं. पाटलाच्या बुकात ती तिन्ही एकाखाली एक होती. तिची चोळी छातीवर दोन ठिकाणी ओली झाली होती. त्यानं तिकडे बघितलेलं तिला कळलं आणि तिनं पदर ओढून घेतला. कुंडलिकनं मान फिरवली. ती ओल कशाची हे त्याला कळलं होतं आणि का, ते कळत नव्हतं.

वाट उतरताना साहेबांनी थांबून बुटातला खडा काढला.

"मेलं असेल तर मृत्यूची नोंद पाहिजे. गेलं असेल तर गावाचं नाव पाहिजे. काहीच नसेल तर..." त्यांनी बूट घातला. "उद्या दुपारी मी भोरला निघणार. तोवर तू मला हात दाखव."

काल 'तुम्ही' होतं. आज 'तू' झालं. कुंडलिकनं ते ऐकलं आणि पेटी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

*

दिवेलागणीला सगुणानं नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. कुंडलिक भाकरी मोडत होता आणि खात नव्हता.

"मी टोचलंय," तो म्हणाला. "मला त्याचा हात आठवतो. मनगटाला काळा दोरा हुता. आता समदं गाव म्हंतंय असं पोरगंच न्हाई. म्हंजी मी काय सपनात टोचलं?"

"नाव काय म्हनालास?" बाळाबाईनं विचारलं.

"कोंडिबा."

बाळाबाईनं तोंडातला घास गिळला. "मग त्यात काय येवढं. कोंडा दिऊन घेतलेलं आसंल."

"म्हंजी?"

"सात यत्ता शिकलास आन् हे ठावं न्हाई? ज्या बाईची लेकरं जगत न्हाईत, तिला पुना झालं की ते सुपात घालायचं आन् दुसरीच्या दारात ठिवायचं. दुसरीनं मूठभर कोंडा द्यायचा आन् ते इकत घ्यायचं. मग ते हिचं न्हाई, तिचं. ऱ्हातं आईपाशीच, दूध आईचंच. पर पाच वरसं आईनं तोंडानं माझं म्हनायचं न्हाई. पाटलाच्या बुकात बी घालायचं न्हाई."

"का?"

"का म्हंजी? ज्यानं तीन नेली, त्याला चौथं कशाला दावायचं?"

कुंडलिकच्या डोळ्यांपुढं रतनबाईची ओली चोळी आली. त्यानं बोटांवर मोजलं. रतनबाईचं पोर. साळूबाईनं घेतलं. साळूबाईनंच टोचून घेतलं, म्हणून चिमाजीच्या नावावर. बरोबर होतं. एकतीस होत होते.

"मग चिमाजी न्हाई का म्हंतो?"

"घेनारीच मेली न्हवं. आता तो कशाला हात लावंल? म्हनत आसत्याल, पोरानं हिला खाल्ली. आन् दुसरी कुनी घ्यायला धजावनार न्हाई."

"मग ते पोरगं आता कुनाचं?"

"कुनाचंच न्हाई," बाळाबाई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या उचलला.

सगुणा चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. तिनं पोरीच्या तोंडाला लागलेलं कालवण पदरानं पुसलं.

"आई, कोंडा कुनीबी दिला तर चालतो?"

"बाईमानूस पायजे. लेकुरवाळी पायजे."

कुंडलिकचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्याला बरं वाटत होतं. घोळ सुटला होता. उद्या साहेबांना घेऊन रतनबाईपुढं जायचं. ती एक शब्द बोलेल, साहेब हात बघतील, फुटकी बांगडी ओळखतील. नाव चुकीच्या घरावर पडलं एवढंच. त्याला खोटं म्हणत नाहीत. त्यानं भाकरी खाल्ली आणि आणखी अर्धी मागून घेतली.

*

सकाळी सगुणा घरात नव्हती. टहाळाला गेली, असं बाळाबाईनं सांगितलं. राब रचून झाला होता, आता टहाळ कशाला, हे कुंडलिकच्या मनात आलं, पण साहेबांना गाठायची घाई होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. सुपाचं सांगताना कुंडलिकला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. "आमच्यात पोर जगावं म्हणून मोहरमला फकीर करतात त्याला," एवढंच म्हणाले आणि सायकल चावडीला टेकवून चालू लागले.

उंबरमाळच्या खालच्या अंगाला रतनबाईचा राब होता. तो पेटलेला होता. ज्वाळा नव्हती, कडेकडेनं आग मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि पिवळट धूर उताराला चिकटून वर जात होता. रतनबाई हातात ओली फांदी घेऊन कडेनं फिरत होती. आग बांधाबाहेर आली की मारत होती. तिच्या पायांना पोटऱ्यांपर्यंत राख लागली होती.

बांधाच्या ऐनाखाली सगुणा बसली होती.

तिच्या मांडीवर एक पोरगं होतं. शेजारी सूप पालथं पडलं होतं आणि रतनबाईच्या पदराच्या टोकाला गाठ मारलेली होती, मूठभर काहीतरी बांधल्यासारखी. कुंडलिकनं ते सगळं बघितलं आणि त्याचा अर्थ लागायच्या आत साहेब पुढं गेले होते.

ते उकिडवे बसले. पोराचा डावा दंड त्यांनी उजेडाकडे वळवला. चार वण. चारही गोल, चारही एका बाजूला उघडे. साहेबांनी प्रत्येकावरून अंगठा फिरवला. मनगटाला काळा दोरा होता. पोरगं साहेबांच्या मिशीकडे बघत होतं.

"हा तुमचाच हात," साहेब म्हणाले. पुन्हा 'तुमचा' झालं होतं. त्यांनी बुक उघडलं, पेन्सिल काढली. "कुणाचं पोर, बाई?"

"आमचं," सगुणा म्हणाली.

ती कुंडलिककडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भारा वेळेवर आणून टाकल्यावर असायचं तसं समाधान होतं. पोराला घर नव्हतं, म्हणून घोळ होता. तिनं घर दिलं होतं.

साहेबांची पेन्सिल थांबली. "आमचं म्हणजे?"

"आमचं. कुंडलिक टोचनाऱ्याचं."

साहेबांनी मान वळवून कुंडलिककडे बघितलं. "ही तुमची कोण?"

"बायकू."

साहेब उठले. गुडघे झाडले. "म्हणजे घरचं पोर टोचायचं, आणि चिमाजीच्या नावावर घालून आकडा भरायचा. असं का?"

"न्हाई सायेब. तिला कळलं न्हाई. मी सांगितलं की तुमाला सकाळी. ते ह्या रतनबाईचं हाय."

साहेब रतनबाईकडे गेले. धूर त्यांच्या अंगावर आला, ते खोकले, बाजूला झाले. "बाई, हे पोर तुमचं का?"

रतनबाईनं फांदी आपटून एक ठिणगी विझवली. "मला काय ठावं."

"तुमच्याकडं कसं आलं?"

"ऊन लागत हुतं त्याला. सावलीला ठिवलं."

"बाई, हे बघा. मी कुणाला नेणार नाही, दंड करणार नाही. तुम्ही एकदा माझं म्हणा. मी हलक्या हातानं लिहितो आणि निघून जातो. ह्या माणसाची जागा जाते नाहीतर."

रतनबाईनं कुंडलिककडे बघितलं. तिच्या भुवयांवर राख होती. सगुणाच्या मांडीवरचं पोरगं आता तिच्याकडे हात करून कुरकुरत होतं, आणि तिची चोळी पुन्हा भिजत होती. ती एक पाऊल मागं सरली. टाच निखाऱ्यावर पडली. तिनं पाय उचलला आणि पुसला.

कुंडलिक जवळ गेला. "येक शब्द हाय गं, बये. येकच. कुनी ऐकत न्हाई हितं. मी सगळ्या मुलखाच्या लेकरांना टोचून फिरतो, माझ्या लेकराच्या तोंडातला घास कशाला काडतीस?"

"दादा," रतनबाई म्हणाली. तिचा आवाज धुरानं बसला होता. "येक सटीलाच गेलं. येक रांगत हुतं. येक देवीत गेलं, तुमी यायच्या आदल्या साली. तिन्ही माझी म्हनली हुती म्या."

देवी कशानं होतात हे त्याला माहीत होतं. ते त्याला शिकवलं होतं आणि ते खरं होतं. ह्या पोराच्या दंडावर चार वण होते, ह्याला देवी होणार नाहीत, हेही खरं होतं. म्हणजे ती बोलली तरी काही होणार नव्हतं. पण पुढच्या पावसात ताप आला, ढाळ लागले, साप चावला, तर? तर त्यानं तिच्याकडून बोलवून घेतलं म्हणून, असं ती धरून चालेल. आणि तसं नाही, हे तो तिला कोणत्या बुकातून दाखवणार होता? त्यानं डोळे चोळले. धूर फार होता.

"सायेब," तो म्हणाला. "आमचंच हाय ते."

"नीट बोल."

"बायकू म्हनली ते बरोबर. आमच्या घरचं."

"मग चिमाजीच्या नावावर का?"

"चुकलं."

"चुकलं, की खोटं लिहिलं?"

"तुमी लिवाल ते."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मग रतनबाईकडे, मग पोराकडे. त्यांना सगळं कळलंय असं कुंडलिकला वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी काहीच कळलं नाही असंही वाटलं. त्यांनी बुक गुडघ्यावर टेकवून लिहायला सुरुवात केली, थांबले, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"हात मी बघितला," ते म्हणाले, कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "हात खरा आहे. पण मला नाव लिहायचं, बापाचं नाव लिहायचं, घर लिहायचं. नुसता हात कुठं लिहू?"

त्यांनी एकोणतिसाव्या ओळीवर पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ मारली. कोंडिबा चिमाजी पुसलं गेलं नाही, रेघेखाली तसंच दिसत राहिलं. बाजूला लिहिलं: एकतिसांपैकी तीस. कुंडलिकनं सही केली. पेन्सिल परत देताना त्याच्या लक्षात आलं की सहीवर राखेचा अंगठा उमटलाय.

"पेटी आणि हत्यार भोरला जमा करावं लागेल," साहेब म्हणाले. बुक मिटून म्हणाले, "नवं हत्यार मागितलं होतंत ना तुम्ही?"

"व्हय. कार्तिकात."

"हं," साहेब म्हणाले आणि उतरू लागले.

सगुणानं पोरगं उचललं आणि रतनबाईकडे दिलं. "आमचं हाय, पर आज तुमच्यापाशीच असू द्या," ती म्हणाली. "दूध पाजा त्याला." रतनबाईनं ऐनाच्या पलीकडच्या अंगाला बसून पोराला पदराखाली घेतलं. आग राबाच्या मध्यावर पोचली होती.

वाटेत सगुणा सूप काखेत धरून मागून चालत होती. अर्ध्या उतारावर तिनं विचारलं, "माझं चुकलं का?"

कुंडलिकनं विचार केला. खरंच विचार केला. "मला कळंना," तो म्हणाला.

*

पुढच्या थंडीत नवा टोचणारा आला. चोवीस-पंचवीसचा, पायात मोजे, हातात कोरी पेटी. कुंडलिकनं त्याला मार्गासनीच्या चावडीवर येताना शेतातूनच बघितलं होतं आणि भाताच्या पेंढ्या बांधत राहिला होता. दुपारी तो घरीच आला. त्या दिवशी रतनबाई बाजाराला खाली उतरली होती आणि कोंडिबा सगुणाजवळ अंगणात खेळत होता.

"कुंडलिकराव तुम्हीच का? तुमच्या घरी कोंडिबा म्हणून मुलगा आहे. वय अडीच. टोचलेला नाही, असा शेरा आहे. भोरच्या यादीत."

"टोचल्यालं हाय त्याला."

"कागदात नाही."

कुंडलिकनं पोराचा सदरा वर केला. चार वण, एका बाजूला उघडे. नव्या टोचणाऱ्यानं वाकून बघितलं.

"वण दिसतायत. पण असले कसे अर्धवट? धड गोल नाहीत. उठली का, कधी उठली, काही नोंद आहे का? मला शेरा भरायचा असतो. पुन्हा टोचलं तर काही बिघडत नाही."

"न्हाई बिगडत," कुंडलिक म्हणाला. हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं कोंडिबाला मांडीवर घेतलं. एका हातानं दोन्ही मनगटं धरली, दुसऱ्यानं दंड ताणून धरला. कसं धरायचं हे नव्या माणसाला सांगावं लागलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. नव्या हत्याराला सगळे दात होते. दंडावर ते फिरलं तसं पोरगं किंचाळलं आणि त्यानं जवळ आलेल्या पहिल्या अंगठ्याला चावा घेतला. तो कुंडलिकचा होता.

रतनबाई बाजारातून परत आली होती. ती कुडाबाहेरच थांबली, मिठाची पुडी छातीशी धरून.

नव्या टोचणाऱ्यानं चारही ठिकाणी लस चोळली, हत्यार कापसानं पुसलं आणि बुक उघडलं. कोंडिबा कुंडलिक, त्यानं लिहिलं. मग त्या जुन्या वणांकडे त्याची नजर पुन्हा गेली.

"हे आधीचं कुणी टोचलं होतं?"

कुंडलिकनं अंगठ्यावरचे दातांचे व्रण चोळले. पोराचं नाक पुसलं.

"मला काय ठावं," तो म्हणाला.